भाचीची फुली आणि कॅसिनोचा प्रश्न : सबळ युक्तिवाद ओळखायचा कसा?

मामा_डिचोली (धागाकर्ता)

माझी भाची सध्या नोकरीच्या परीक्षांना बसते आहे. कर्मचारी निवड आयोग, बँका, जी जाहिरात निघेल ती. रविवारी संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याकडे येते, कारण एके काळी मीही असल्याच परीक्षा देऊन बँकेत चिकटलो. गणितात ती माझ्या फार पुढे आहे. अडतं ते 'विधान आणि युक्तिवाद' या प्रकारात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर एक प्रश्न असतो, सरकारनं अमुक करावं का? खाली दोन युक्तिवाद, बहुधा एक 'होय'चा, एक 'नाही'चा. करावं की नाही हे तुम्हाला कुणी विचारलेलंच नसतं. कुठला युक्तिवाद सबळ आणि कुठला दुर्बळ, एवढंच सांगायचं. सबळ म्हणजे महत्त्वाचा आणि प्रश्नाशी थेट संबंध असलेला. दोहोंतलं एक जरी नसलं तरी दुर्बळ.

गेल्या रविवारी पुस्तक मिटून मी तिला घरचाच, आपल्या गोव्यातला, प्रश्न घातला. पणजीला मांडवी नदीत जहाजांवर कॅसिनो चालतात, त्यांच्याबद्दलचा.

मांडवीतले कॅसिनो बंद करावेत का?
१) होय. जुगारापायी घरं उद्ध्वस्त होतात.
२) नाही. सरकारचा मोठा महसूल आणि हजारोंचा रोजगार त्यांच्यावर आहे.

तिनं पहिल्यावर बरोबरची खूण केली आणि दुसऱ्यावर फुली. फुली इतक्या जोरात की पेन्सिलीचं टोक मोडलं. मी म्हटलं, दोन्ही सबळ. तर म्हणते, "मामा, तू कधीपासून कॅसिनोवाल्यांचा झालास? रोजगार कुणाला मिळतो ते सांग आधी." मी म्हटलं, ते खरं की खोटं हा प्रश्नच नाही. युक्तिवादात सांगितलेली गोष्ट खरी धरायची आणि ती खरी असेल तर प्रश्नावर तिचं वजन पडतं का ते बघायचं. त्यावर तिनं विचारलं, "म्हणजे कुणीही काहीही फेकावं आणि मी ते खरं धरून चालावं?"

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही, म्हणून हा धागा. शिवाय पुढच्या महिन्यात आमच्या गावात भंगारअड्ड्यावरून ग्रामसभा आहे आणि ही बया तिथं बोलायला उभी राहणार आहे. परीक्षेपेक्षा मला त्याची धास्ती जास्त.

आबोली_फोंडा

मी फोंड्याला क्लासमध्ये हाच विषय शिकवते, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. तुमचं उत्तर बरोबर आहे. पहिल्या महिन्यात सगळीच मुलं हे करतात, जी बाजू पटते तिच्यावर खूण. 'होय' आणि 'नाही' समोरासमोर आले की एक खरा तर दुसरा खोटा असणार असं डोक्यात बसलेलं असतं. पण इथं दोन्ही पारड्यांत वजन असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच.

जुन्या नमुन्यात 'पहिला किंवा दुसरा सबळ' असाही एक पर्याय असतो. त्याच्याकडे मी मुलांना बघूच देत नाही. प्रत्येक युक्तिवाद सुटा जोखायचा असेल तर 'एक तर हा नाहीतर तो' म्हणायला जागा कुठं उरते? बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. माझ्या वर्गातल्या कितीतरी पोरांचा पाव त्या पर्यायानं खाल्लाय.

परीक्षेपुरते आडाखे द्यायचे तर, 'हा एकच उपाय आहे' म्हणणारा दुर्बळ. 'तज्ज्ञांचं तसं मत आहे' एवढंच म्हणून कारण न देणारा दुर्बळ. 'सिंगापूरला चालतं, मग आपल्याकडे का नको' हाही दुर्बळ. आणि 'होय, कारण ते लोकांच्या हिताचं आहे' हा तर युक्तिवादच नव्हे, प्रश्नच आंघोळ घालून परत आणलाय.

बाकी हा प्रकार आपल्याकडे उगवलेला नाही. वॉटसन आणि ग्लेझर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची एक जुनी चाचणी आहे, तिच्या पाच भागांतला एक युक्तिवादांच्या मूल्यमापनाचा. तिथंही सूचना हीच की युक्तिवाद खरा धरून चाला.

पिलोट_मडगाव

दुचाकीवर मागे बसणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं करावं का? नाही, केस विस्कटतात. मी पिलोट, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला. आमची अर्धी गिऱ्हाइकं हेल्मेट पुढे केलं की हेच सांगतात, आणि ती कुठल्या परीक्षेला बसलेली नसतात.

तर्कटपंत

आबोलीताई, आडाख्यांवर माझा आक्षेप आहे. 'एकच' हा शब्द दिसला की फुली मारायची हे परीक्षेत चालेल. पण दिवाडी बेटावरच्या माणसाला विचारा. "फेरीबोट बंद करू नका, पलीकडे जायला तीच एक वाट आहे," असं तो म्हणाला तर त्याचा 'एकच' हा त्याच्या युक्तिवादाचा कणा आहे. शब्द बघून जोखणं म्हणजे माणसाचा चष्मा बघून त्याचं शिक्षण ठरवणं.

आपल्याकडे या गोष्टींचा विचार फार जुना आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायचं तो वाद, जिंकायचंच म्हणून करायचा तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडत बसायचं ती वितंडा. हेत्वाभासांत, म्हणजे फसव्या कारणांत, एक 'सव्यभिचार' म्हणून आहे. जो हेतू, म्हणजे पुढे केलेलं कारण, आपल्या बाजूलाही लागू पडतो आणि विरुद्ध बाजूलाही, तो. 'रोजगार मिळतो' हा तसला हेतू आहे. रोजगार गावठी दारूच्या भट्टीतही मिळतो आणि इस्पितळातही. तेव्हा भाचीची फुली अगदीच टाकाऊ नाही.

आबोली_फोंडा

पंत, 'रोजगार मिळतो म्हणून कॅसिनो चांगले' असं म्हटलं असतं तर तुमचा सव्यभिचार लागू होता. इथं म्हटलंय की बंद केले तर रोजगार जाईल. परिणाम सांगितलाय, आणि तो थेट 'बंद करावेत का'ला भिडतो. फेरीबोटीचं मात्र मान्य. ते उदाहरण उद्या वर्गात वापरणार.

खाणवाट

मी सत्तरी तालुक्यातला. आमच्या घरी खाणीतलं खनिज वाहणारा टिपर ट्रक होता. २०१२चा पावसाळा संपला आणि तो बाहेर निघालाच नाही. सप्टेंबरात राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं. २०१४ला कोर्टानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. २०१८च्या फेब्रुवारीत ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण कोर्टात रद्द झालं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं ठप्प. ट्रकच्या हौद्यात माती होती, तिच्यात पिंपळ उगवला. बाबांनी तो उपटू दिला नाही, ट्रक विकेपर्यंत.

तुम्ही लोक सबळ-दुर्बळ खेळताय म्हणून विचारतो. 'खाणी सुरू कराव्यात, कारण आमचं पोट त्यावर आहे' हा तुमच्या हिशेबात सबळ की दुर्बळ? पणजीतल्या एका चर्चेत मला एक सद्गृहस्थ म्हणाले, हा भावनिक मुद्दा झाला.

मामा_डिचोली

खाणवाट, सबळ. त्यात शंकाच नको. मी डिचोलीचा. बँकेच्या खिडकीतून ट्रकांच्या कर्जांचे हप्ते थकताना मी पाहिलेत. भावना आहे म्हणून मुद्दा हलका होत नाही, तालुकेच्या तालुके ज्यावर चालत होते ते बंद झालं तर काय होतं, हे महत्त्वाचंही आहे आणि प्रश्नाशी थेट जोडलेलंही.

पण एक बारीक गोष्ट सांगतो, रागावू नका. 'आम्ही कर्ज काढून ट्रक घेतला, म्हणून खाणी सुरू करा' हे मला तितकं सबळ वाटत नाही. ते एका वेगळ्या प्रश्नाचं सबळ उत्तर आहे, ट्रकमालकांना भरपाई द्यावी का, या. प्रश्न बदलला की त्याच वाक्याचं वजन बदलतं. पलीकडच्या बाजूलाही तसंच. 'शेतात खनिजाची माती आली, विहिरी आटल्या' सबळ. 'सुप्रीम कोर्टानं थांबवल्या म्हणून थांबवाव्यात' हा मात्र 'चालवता येतील का'चा जबाब झाला, 'चालवाव्यात का'चा नव्हे.

खाणवाट

रागावलो नाही. भरपाईचा प्रश्न निदान कुणीतरी वेगळा काढला.

फुलीवाली

ती भाची मीच. मामानं माझ्या पेन्सिलीबद्दल जगाला सांगितलंय, तेव्हा आता मीही लिहिते.

दोन दिवस मी मामाच्या प्रश्नाकडे बघत बसले होते आणि मला एक गंमत सापडली. पणजीत इतकी वर्षं मागणी काय आहे? कॅसिनो मांडवीतून *हटवा*. आता मामाच्या प्रश्नात फक्त एक शब्द बदला.

मांडवीतले कॅसिनो दुसरीकडे हलवावेत का?

आता 'जुगारापायी घरं उद्ध्वस्त होतात' हा माझा लाडका युक्तिवाद झटक्यात दुर्बळ होतो! जहाज दुसरीकडे नेलं म्हणून पत्ते थांबतात का? माणूस तिथं जाऊन हरेल. आणि मामाचा महसूल-रोजगारही दुर्बळ, कारण नुसतं हलवलं तर दोन्ही तसेच राहू शकतात. नव्या जागी धंदा बसेल असं त्यात कुठं म्हटलेलं नाही. सबळ कोणते राहतात? नदीतली बोटींची वाट अडते, सांडपाणी, संध्याकाळी काठावरच्या रस्त्यावर होणारी कोंडी, आणि उलट बाजूनं, जिथं नेणार तिथल्या लोकांनी काय पाप केलंय. कॉलेजात असताना मी एकदा घोषणा द्यायला गेले होते. तिथं आम्ही फलक 'हटवा'चे धरले होते आणि भाषणं सगळी 'बंद करा'ची चालली होती. तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. फेकलेलं खरं का धरायचं?

आबोली_फोंडा

मुली, तू माझ्या क्लासला आलीस तर फी घेणार नाही.

सुशेगाद_नव्हे

२०२०पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे ना? मग 'घरं उद्ध्वस्त होतात' हे कुणाच्या घरांबद्दल? हुबळी-बेळगावच्या? मी कॅसिनोच्या बाजूचा नाही, पण हे कुणीतरी विचारायला हवं.

फुलीवाली

बंदी कागदावर आहे. पण बघा, मी तुमची माहिती खरी धरली तरी 'घरं' या शब्दाला गोव्याची वेस नाही. बेळगावच्या माणसाचं घर मोडलं तर ते मोडलंच. युक्तिवाद थोडा अशक्त होईल, मरणार नाही.

तर्कटपंत

फेकलेलं खरं का धरायचं, याचं मी एक उत्तर देतो. समज, ग्रामसभेत कुणी म्हणालं की अड्ड्यावाल्यानं पंचायतीचा कर भरलेला नाही. ते खरं आहे का हे कळायला माहितीच्या अधिकारात अर्ज कर आणि तीस दिवस थांब. त्याआधी घरी बसून फुकटात एक काम करता येतं. ते खरं निघालं तर अड्डा उठवायचा की नाही यावर काय फरक पडतो, एवढं स्वतःला विचारायचं. कर थकला असेल तर वसूल करतील, अड्डा कशाला उठवतील? म्हणजे अर्जाचे दहा रुपये वाचले. उलट 'अड्ड्यातलं तेल आणि बॅटऱ्यांचं पाणी ओढ्यात उतरतं' हे खरं निघालं तर सगळंच बदलतं. मग त्या पाण्याचा नमुना घ्यायला कंबर कस. परीक्षेत 'सबळ' म्हणतात त्याला मी 'तपासण्याच्या लायकीचा' म्हणतो. खरं धरायचं ते तेवढ्या पायरीपुरतं.

फुलीवाली

हे पटलं. मामा, हे तुला का नाही सुचलं?

मामा_डिचोली

मी बँकेत होतो, बाई. आम्ही कागद आधी तपासतो, उपयोग मागाहून बघतो.

माडाखालची

याच्या बरोबर उलटं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देते. खरी गोष्ट, आणि तरी युक्तिवाद दुर्बळ.

२०१६ साली आपल्या विधानसभेनं १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माड बाहेर काढला होता, आठवतंय? तेव्हा सांगितलं जायचं की माड हे शास्त्रानुसार झाडच नव्हे, त्याला फांद्या नाहीत. आता हे काही फेकलेलं नाही. वनस्पतीशास्त्राच्या वर्गीकरणात माड आंब्यापेक्षा गवताच्या जवळचा आहे. शाळेचं पुस्तक उघडा, एकदल वनस्पती. पण प्रश्न काय होता? माड तोडायला परवानगी लागावी की नको. कायद्याला फांद्या मोजायच्या नव्हत्या, कुऱ्हाड थांबवायची होती. आमच्या भाटातल्या माडावर दर दोन-तीन महिन्यांनी पाडेली चढतो, नारळ पाडतो, चुडतं काढतो. त्याला जाऊन सांगा की तू गवतावर चढलास.

त्याच वादात एक सबळ युक्तिवादही होता. म्हाताऱ्या, वाकलेल्या माडांना परवानगी मिळेपर्यंत ते घरावर कोसळतात आणि शेतकऱ्याला नवी लागवड करता येत नाही. हे मला स्वतःला भोगावं लागलंय, आमच्या न्हाणीची कौलं गेली. पण गंमत अशी की ज्याची त्याची जीभ फांद्यांवरच अडकली. पुढे माड पुन्हा झाडांत घेतला. कौलांचा मुद्दा तेव्हाही कुणी धड मांडला नाही.

पिलोट_मडगाव

गवतावर चढलास! हे आमच्या स्टँडवर सांगतो.

जुना_गोंयकार

सबळ-दुर्बळ वगैरे ठीक आहे, पण गोव्यात एकदाच लोकांना खरा प्रश्न विचारला गेला. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीनीकरण की वेगळा संघप्रदेश. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. तेव्हा मराठीवाल्यांचे सगळे युक्तिवाद दुर्बळ होते हे सिद्ध झालं, विषय संपला.

तर्कटपंत

मतं मोजून युक्तिवादाचं बळ सिद्ध होत नाही, कोणती बाजू जिंकली एवढंच होतं. भाषा-संस्कृतीचं नातं आणि मोठ्या राज्यातल्या सोयी हा एका बाजूचा युक्तिवाद. मुंबईच्या विधानसभेत आपल्या मूठभर आमदारांना कोण विचारणार, हा दुसऱ्या बाजूचा. मला दोन्ही सबळ वाटतात. माझे वडील फुलावर शिक्का मारून आले होते आणि आई दोन पानांवर. त्या रात्री घरात चूल पेटली होती, एवढं खात्रीनं सांगतो.

जुना_गोंयकार

म्हणजे आई शहाणी होती.

मामा_डिचोली

मंडळी, हात जोडतो, १९६७ इथंच थांबवा. त्यावर या संस्थळावर आधीच चार धागे आहेत आणि चारही कुलूपबंद झालेत. भाषेवर आणि शाळेच्या माध्यमावर गेलात तर पाचवा होईल.

आबोली_फोंडा

माध्यमाचं एकच वाक्य लिहिते आणि गप्प बसते. २०११ला इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हाचा 'पालकांना निवडीचा हक्क हवा' आणि 'लहान मूल घरच्या भाषेत लवकर शिकतं', हे दोन मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिते. दोन्ही सबळ हे मान्य करायला मुलांना सर्वांत जास्त वेळ याच जोडीवर लागतो. आणि खरं सांगायचं तर मलाही लागला होता, मी स्वतः मराठी शाळेतली. बस, संपलं.

सुशेगाद_नव्हे

एक शंका. 'कायद्यानं परवानगी आहे' हा सबळ का नाही? जुगारबंदीचा १९७६चा कायदा आहे, त्यात १९९२ला दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना वाट मिळाली, मग जहाजांना. म्हणजे सगळं कायदेशीर आहे.

फुलीवाली

प्रश्न 'करावं का' असा असेल तर कायदा बदलायचा का, हेच विचारलेलं असतं. तिथं 'कायद्यात आहे' म्हणणं म्हणजे दार उघडायचं का विचारल्यावर दार बंद आहे असं सांगणं. पोलिसानं बोट अडवली तर मात्र हेच वाक्य सोन्याचं.

मामा_डिचोली

ग्रामसभा झाली. तिचा वृत्तांत देतो.

शाळेच्या सभागृहात रविवारी सकाळी. पंखे तीन, चालू एक, तोही सरपंचांच्या डोक्यावर. पहिले वक्ते उठले ते म्हणाले, अड्डा उठवा, कारण अड्डेवाला गावचा नाही. टाळ्या. दुसरे म्हणाले, जे तक्रार करतायत त्यांच्या स्वतःच्या कुंपणाची भिंत रस्त्यात आलीय. जास्त टाळ्या. मी शेजारच्याच्या कानात "दुर्बळ, दुर्बळ" म्हणत होतो, त्याला वाटलं मला चक्कर येतेय, त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. तिसऱ्या एक बाई होत्या, ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांची मिरचीची लागवड आहे. त्यांनी पिशवीतून दोन रोपटी काढून टेबलावर ठेवली, मुळं काळी पडलेली, आणि एवढंच म्हणाल्या, "हें पळयात." (हे बघा.) टाळ्या नाहीत. सगळे गप्प झाले.

मग आमची फुलीवाली उभी राहिली. मला वाटलं, आता भाषण. तिनं सरपंचांना एकच विचारलं, "ठरावात अड्डा *बंद करणे* आहे की *हलवणे*? कारण हलवायचा असेल तर कुठं, ते सांगा. ओढ्याच्या वरच्या अंगाला नेलात तर ह्या बाईंचं काहीच सुटत नाही."

सरपंचांनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी वही उलटीसुलटी केली, चष्मा पुसला आणि मसुदा वाचून दाखवला. त्यात 'बंद' नव्हतं आणि 'हलवणे'ही नव्हतं. 'सदर विषयी योग्य ती कार्यवाही करणे' असं होतं.

तर्कटपंत

मग तुम्ही मत कशावर दिलंत?

मामा_डिचोली

हात वर केले.

फुलीवाली

मी नाही केला. बाईंनीही नाही. त्या रोपटी परत पिशवीत भरत होत्या. बुधवारी आम्ही दोघी ओढ्याच्या पाण्याची बाटली घेऊन जाणार आहोत, कुठं द्यायची असते ते कुणाला माहीत असेल तर इथं लिहा.